अकरावं पान, खाली सात

“डोळे गेले तवा बी एवढं भ्या वाटलं नव्हतं,” आतून मामांचा आवाज आला. “आता बोटं इसरायलीत माझी.”

मामीच्या पातेल्यात पळी फिरल्याचा आवाज आला, मग कपबशीचा. मी बाहेरच्या खोलीत होते. नांदेडहून नुकतीच आले होते, चपला काढल्या होत्या आणि बॅग अजून खांद्यालाच होती. मी हातपाय धुवायला मागे गेले आहे असं त्यांना वाटलं असावं. आत जाऊन ‘काय झालं, मामा?’ एवढं विचारता आलं असतं. पण न सांगितलेलं काही कानावर पडलं की मी आधी श्वास धरून ठेवते. लहानपणापासूनची सवय आहे ती. बॅग आवाज न करता खाली ठेवली आणि कॉम्प्युटरसमोरच्या स्टुलावर बसले.

हा कॉम्प्युटर माझ्या लहानपणापासूनचा आहे. मॉनिटर मागून फुगलेला. मामांना पडद्याचा काही उपयोग नाही, म्हणून मामीने त्याच्यावर विणलेला रुमाल टाकून प्लास्टिकच्या फुलांची कुंडी ठेवली आहे. कीबोर्डवरची अक्षरं झिजून गेलीत. चालू केला की आधी पंखा घरघरतो, मग डबा आतून तापतो आणि गरम धुळीचा वास येतो. जुनी गोधडी उन्हात टाकल्यावर येतो, साधारण तसा.

हा वास आला की मला लातूरच्या गंजगोलाईच्या मागच्या गल्लीतलं मामांचं दुकान आठवतं.

दिवाळीच्या आणि मेच्या सुटीत आई मला नांदेडहून लातूरला आणून सोडायची. एसटी अहमदपूरच्या स्टँडवर थांबायची, ड्रायव्हर चहाला उतरायचा, आणि खिडकीखाली भाजक्या शेंगांच्या टोपल्या फिरायच्या. मी खिडकीशी बसून मामीशी पहिलं वाक्य काय बोलायचं ते मनात जुळवत असायचे. शाळा इंग्रजी माध्यमाची. घरात मराठीच होती, पण ती आईबाबांपुरती, जपून वापरायची. मामांच्या गल्लीतल्या मुली माझं बोलणं ऐकायला मुद्दाम जमायच्या. एक जण म्हणायची, बोल गं, बोल की, तू बातम्या दिल्यावानी बोलतीस. त्या वाईट नव्हत्या. पण मी बोलणं कमी केलं आणि दुकानात जाऊन बसू लागले.

दुकान म्हणजे एक शटर, आत दोन माणसं उभी राहतील एवढी जागा, आणि तिन्ही भिंतींना छतापर्यंत कॅसेटी. कोऱ्या कॅसेटीत गाणी भरून द्यायचं दुकान. लोक वहीच्या फाटक्या पानावर यादी लिहून आणायचे. घाईचं काम असलं की मामा दुहेरी मशीन दुप्पट वेगाने चालवत. तेव्हा सगळी गाणी चिमण्यांसारखी चिवचिवायची. लग्नाची, देवाची, जयंतीची, दुःखाची, सगळ्यांची एकच चिवचिव. मामा ती ऐकत दुसऱ्याच गिऱ्हाइकाशी बोलायचे आणि गाणं संपायच्या आत बरोबर बटणावर हात ठेवायचे. दुपारी ते कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून मशीन पुसत. तो थंड, दवाखान्यासारखा वास त्यांच्या बोटांना संध्याकाळपर्यंत असायचा. उसाच्या दिवसांत ट्रॅक्टरवाले यायचे. त्यांना गाणं कुठलंही चालायचं, आवाज मागच्या ट्रॉलीला गेला पाहिजे एवढीच अट.

कॅसेटींना मामांनी आकडे दिले होते. मी स्टुलावर चढून काढून द्यायचे. ते ‘एकोणसाठ’ म्हणायचे आणि मला ते मनातल्या मनात इंग्रजीत करून बघावं लागायचं. माझी बोटं कॅसेटींवरून नुसतीच फिरताना दिसली की न हसता, गिऱ्हाइकाला ऐकू जाणार नाही असं म्हणायचे, “फिफ्टी नाईन, माय.”

पुढे कॅसेटी गेल्या आणि दुकानात हा कॉम्प्युटर आला. निवडक एकशेवीस गाणी मामांनी स्वतः त्यात उतरवून घेतली, त्यांनाही आकडे दिले. एकपासून एकशेवीस. त्यानंतर बायकांची गाणी सुरू झाली.

मुरुडच्या सोजरबाईंपासून ती सुरुवात झाली. मुलाच्या लग्नासाठी हळदीची गाणी भरून घ्यायला आल्या होत्या. मामांनी वाजवून दाखवली. त्या थोडा वेळ ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, “ह्या बाया हळद लावायल्यात का पाढे म्हणायल्यात?” मामा म्हणाले, मग तुम्ही म्हणा. त्या खरंच म्हणाल्या. भिंतीकडे तोंड केलं, पदर ओठांवर धरला आणि गायला लागल्या. मामांनी माइक सुरू केला आणि मला हाताने पंखा बंद करायची खूण केली. मे महिना होता. दुकानात घाम, पिशवीतली ओली हळद आणि सोजरबाईंच्या केसांतलं खोबरेल तेल यांचा वास दाटला होता. गाणं संपलं तरी कुणी हललं नाही. मग सोजरबाई स्वतःच हसल्या आणि म्हणाल्या, पंखा लावा की आता, मारता काय?

बातमी गावोगाव गेली. पुढच्या वर्षांत बाया येत राहिल्या. अहमदपूरहून, मुरुडहून, लातूरच्याच गल्ल्यांतून. हळदीची, डोहाळ्यांची, बाळ निजवायची, शेतात निंदताना म्हणायची गाणी. कुणी एकटीने म्हणायची, कुणी जावेला घेऊन यायची आणि दोघी कडव्यावरून भांडायच्या. एकदा मामांच्या घरीच पाचसहा जणी रंगात आल्या होत्या, आणि बाहेर कुणीतरी “नळ आला” म्हणून ओरडलं. आठ दिवसांनी पाणी आलेलं. गाणं अर्ध्यावर टाकून सगळ्या उठल्या. पुढची दोन मिनिटं नुसते हंडे आणि कळशा वाजतात. मामांनी ते पुसलं नाही. ‘नळ आला’ असंच नाव मला लिहायला सांगितलं.

नावं लिहायचं काम माझं होतं. सुटीत आले की मी इंग्रजी अक्षरांत टाइप करायचे: मुरुड हळद, नळ आला, आजी खोकला, पाळणा दोघी जावा. जे सुचेल ते. तेवढं एक काम मला त्या घरात कुणाहीपेक्षा चांगलं यायचं.

मामांची नजर त्याच वर्षांत गेली. कशाने, ते घरात कुणी सलग सांगत नाही आणि मी विचारलेलं नाही. मला आठवतं ते एवढंच, की एका दिवाळीत ते मला पडद्यावरची नावं वाचून दाखवायला सांगत होते, आणि पुढच्या मेमध्ये सांगत नव्हते. बोटांनी मोजत होते. एका पानावर वीस गाणी. पान खाली करायचं एक बटण, गाणं खाली करायचं दुसरं. सहा पानं दुकानातली, आकड्यांची. सातव्या पानापासून बायका. ज्या क्रमाने त्या आल्या, त्याच क्रमाने यादीत बसलेल्या. मामा ओठ हलवत मोजायचे आणि बोलता बोलता सांगायचे: ही ‘नळ आला’च्या खाली तिसरी, त्या साली ज्वारी आडवी झाली होती. हिच्या वर तिची सून आहे, ती पुढच्याच महिन्यात आली होती, सासूपेक्षा आपला आवाज बरा हे सांगायला. ती यादी म्हणजे त्यांची एक गल्ली झाली होती. कोण कुणाच्या शेजारी राहतं हे त्यांना ठाऊक होतं.

त्या दिवसांत मी मामांजवळ बसले की बरं वाटायचं. आता लिहिताना जरा लाज वाटते, पण खरं आहे. सगळ्या माणसांसमोर मी चेहरा सांभाळून असायचे, त्यांच्यासमोर तो सांभाळावा लागत नसे. एकदा ते म्हणाले होते, प्रत्येक गाण्याआधी बाईचं नाव आणि गाव तू माइकात बोलत जा, म्हणजे मला मोजावं लागणार नाही. मी माइक हातात घेतला. बाया बघत होत्या. माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. मामांनी बराच वेळ वाट पाहिली, आणि मग मशीन बंद करून ‘राहू दे’ म्हणाले. पुन्हा कधी तो विषय काढला नाही. मोजत राहिले.

दुकान बंद होऊनही आता बरीच वर्षं झाली. कॉम्प्युटर घरी आला. पण फोन येत राहतात. कुणाची आई गेलेली असते, कुणाची आजी. त्यांच्या घरी फोटो एखाददुसरा असतो, आवाज नसतो. आवाज मामांकडे असतो. वर्षश्राद्धाला, पुण्यानुमोदनाला, कधी घरात लग्न निघालं की हळदीच्या दिवशी फोन येतो: मामा, आमच्या आईचं लावा. मामा फोन स्पीकरसमोर धरतात, पानं मोजतात, आणि तिकडे मांडवात ती बाई गाते. गाणं संपेपर्यंत मामा फोन धरलेला हात हलू देत नाहीत. त्यांचा दंड थरथरायला लागलेला मी पाहिला आहे.

मी सध्या पुण्याच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करते. गेला महिनाभर घरून काम करायची मुभा होती, म्हणून नांदेडला आले आणि तिथून मामांकडे. आल्या आल्या मामांनी तक्रार सांगितली. लोक आता मोबाइलवर आपापल्या म्हाताऱ्यांची गाणी भरून पाठवतात, मामी ती पेन ड्राइव्हवर घेऊन कॉम्प्युटरला लावते, आणि कॉम्प्युटर वाजवत नाही. “नव्या बायांना दारातच उभं करतोय गं हा,” ते म्हणाले. त्यांच्या मुलाने हैदराबादहून नवा लॅपटॉप पाठवला होता. तो कपाटात साडीत गुंडाळून ठेवलेला. मामांनी तो एकदा मांडीवर घेऊन पाहिला होता. ह्याची बटणं उंबऱ्याला लागत नाहीत म्हणाले. म्हणजे बोटाला कड लागत नाही, सगळं सपाट.

मी म्हटलं, मी बघते.

जुन्या सिस्टीमवर नव्या फायली वाजवणारा प्लेअर आणायचा होता. कुण्या परदेशी माणसाने हौसेने लिहिलेला आणि सगळ्यांसाठी मोकळा ठेवलेला एक लहानसा प्लेअर मला सापडला. पण तो आजच्या कॉम्प्युटरसाठी लिहिलेला. नव्या प्रोग्रामला वाटतं, घरात नळ असणारच. तोटी फिरवायची की पाणी. जुन्या सिस्टीमच्या घरात नळ नव्हता, आड होता. मग जिथे जिथे प्रोग्राम तोटी शोधायचा तिथे तिथे मी बादली आणि दोर लिहून दिला. बारा दिवस लागले. दिवसा कंपनीचं काम, संध्याकाळी हे. मामा शेजारी खाटेवर बसून असायचे आणि माझ्या टाइप करण्यावरून अंदाज घ्यायचे. मी थांबले की विचारायचे, अडलं का?

पहिल्यांदा गाणं वाजलं तेव्हा त्या बाईच्या प्रत्येक शब्दाला उचकी लागली होती. नव्या फायलींतली अपूर्णांकांची गणितं त्या म्हाताऱ्या मशीनला वेळेत होत नव्हती. मामा दोन कडवी गंभीरपणे ऐकत राहिले आणि आत वळून म्हणाले, “अगं ए, पाणी पाज त्या बाईला कुणीतरी.” मामी पदर तोंडाला लावून हसली. मी पण हसले, मोठ्याने, माझ्याच लक्षात आलं. दोन दिवसांनी गणितं पूर्णांकांत बसवली आणि उचकी थांबली.

बटणं तीच ठेवली. पान खाली, गाणं खाली, एंटर. मोबाइलवरून आलेल्या गाण्यांसाठी वेगळं एक बटण. आणि शेवटी, सगळं चाललंय म्हटल्यावर, हात फिरवावा तशी यादी जरा नीट लावली. मामांनी दुसऱ्या पानावरचं, चौथ्या पानावरचं लावून पाहिलं. बरोबर वाजलं. मग त्यांनी हात कीबोर्डवर तसाच ठेवून विचारलं, “माझं काही हललं न्हाई ना, माय?”

मी म्हणाले, नाही, मामा. मनापासून म्हणाले. फायली जिथल्या तिथेच होत्या.

दुसऱ्या दिवशी आईबाबांना भेटायला नांदेडला गेले ती चार दिवसांनी परतले, आणि बॅग खांद्यावर असतानाच ते वाक्य ऐकलं.

मधल्या दिवसांत काय झालं ते मामीने मला सांगितलं, मागच्या दारी पालक निवडता निवडता. सोजरबाईंना जाऊन वर्ष झालं होतं. मुरुडला पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम, अंगणात पन्नासेक माणसं बसलेली. मुलाने फोन लावून तो माइकसमोर धरला आणि सगळ्यांना सांगितलं, आता आई म्हणणार. मामांना जागा पाठ होती. सोजरबाई शेवटच्या आल्या तेव्हाचं गाणं, अकरावं पान, खाली सात. त्यांनी मोजलं, एंटर दाबलं, आणि तिकडे भरल्या मांडवात कुणा परक्या बाईने पाळणा म्हणायला सुरुवात केली. मामांनी आवाज ओळखला, ती अहमदपूरची होती. एक पान पुढे जाऊन मोजलं. दुसरीच लागली. एक पान मागे गेले, तर हंडे वाजायला लागले. मुलगा फोनवर समजुतीनेच बोलला, मामा असू द्या, तुमचं पण वय झालं. त्या ‘असू द्या’वर मामा फोन ठेवून तसेच खाटेवर बसले. संध्याकाळी सगळी यादी पुन्हा लावून पाहिली. पहिली सहा पानं एकदम चोख. सातव्यापासून पुढे काहीच जागेवर नाही.

“आईचं तसंच झालं होतं त्यांच्या,” मामी काडी मोडत म्हणाली. “माहेरचं सगळं आठवायचं. सकाळी काय खाल्लं ते न्हाई. तेच लागलंय त्यांच्या डोक्याला. डाक्टरकडं चला म्हणलं तर म्हणत्यात, डाक्टर काय नवीन सांगणाराय.”

मी पालकाच्या काड्यांकडे बघत होते. मला उत्तर कळलं होतं, आणि तरी मी दुपारी मामा झोपेपर्यंत थांबले, कुंडी उतरवली आणि पडद्यावर पाहून खात्री केली.

जुना प्लेअर गाणी आली तशी दाखवायचा. ती यादी मला पसारा वाटली होती. मी एक ओळ लिहिली आणि सगळी नावं एपासून झेडपर्यंत ओळीत लावली, शाळेतल्या हजेरीसारखी. आकड्यांची गाणी आधीच आकड्यांनी लावलेली होती, ती हलली नाहीत. पण त्यांच्याखाली आता ‘आजी खोकला’ सगळ्यांत वर आली होती. मुरुडच्या बाया, ज्या दहा वर्षांत अधूनमधून आल्या होत्या, त्या सगळ्या एका जागी दाटीवाटीने उभ्या. सून सासूपासून तीन पानं लांब. ज्वारी आडवी झालेलं साल कुठे होतं ते आता सांगता येत नव्हतं. आणि ही सगळी नावं मीच दिलेली, बारा-तेरा वर्षांची असल्यापासून, जे सुचेल ते पहिलं अक्षर घेऊन. मी बराच वेळ ती नावं वाचत बसले. काही गाणी मला त्यांच्या नावावरून आठवली, काहींचा वास आठवला. क्रम एकाचाही आठवला नाही. तो फक्त मामांकडे होता.

ती ओळ काढून टाकली. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. सोजरबाई पुन्हा अकराव्या पानावर सातव्या आल्या. मी रुमाल नीट पसरला, कुंडी वर ठेवली.

आणि गप्प बसले. मला वाटलं, सकाळी ते लावून बघतील, सगळं जागेवर सापडेल, आणि प्रकरण मिटेल. त्यांना काही समजायची गरजच पडणार नाही. मला ‘नाही’ म्हटलेलं परत घ्यावं लागणार नाही. मी अशा कितीतरी गोष्टी गुपचूप नीट करून ठेवल्या आहेत आयुष्यात. कंपनीत तर त्याचं कौतुकच होतं.

सकाळी मामी पाणी भरत होती. मामा आपणहून कॉम्प्युटरकडे गेले नाहीत. मीच म्हटलं, मामा, ते मुरुडचं एकदा लावून बघा ना. ते माझ्याकडे तोंड करून थोडा वेळ थांबले, मग उठले. पानं मोजताना नेहमीसारखे ओठ हलले, पण या वेळी खूप हळू, अंधाऱ्या जिन्यावर पायरी चाचपावी तसे. अकरा. मग सात. एंटर.

सोजरबाई गायला लागल्या. तोच पदराआडचा, जरासा दबलेला आवाज. मी मामांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आता खुलेल असं वाटलं. ते गाणं संपेपर्यंत उभे होते. मग त्यांनी हाताने खाट शोधली आणि बसले.

“आज आठवलं,” ते म्हणाले. मामी घागर घेऊन दारात थांबली होती, तिला म्हणाले असतील. “आईचं बी असंच असायचं. एखाद्या दिवशी एकदम नीट. आपल्याला वाटायचं, बरी झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा न्हाई.”

मामीने घागर खाली ठेवली. बाहेर नळाखाली कुणाचा तरी हंडा भरून वाहत होता आणि तो कुणी उचलत नव्हतं.

मग मामा मला म्हणाले, मामीचा मोबाइल घे. त्यांचा आवाज साधा होता, काम सांगतानाचा. सगळ्यांना एक निरोप लिहून पाठवायचा होता. मामीच्या फोनमध्ये सगळ्यांचे नंबर होते, मुरुडचा, अहमदपूरचा, सगळे. मी नीट लिहीन, चुका करणार नाही, म्हणून मी. त्यांनी मजकूरही मनात तयार केला होता. रात्रीच केला असावा. ते थांबत थांबत सांगत गेले, आणि मी सवयीने टाइप करत गेले: आमच्याकडून आता गाणी लावणं होणार नाही. कार्यक्रमात तुमची फजिती नको. ज्यांना पाहिजे त्यांनी येऊन आपापल्या बाईचं गाणं घेऊन जावं. शेवटी जय भीम, आणि त्यांचं नाव.

“झालं लिहून?” त्यांनी विचारलं.

माझा अंगठा पाठवायच्या खुणेवर होता. आता मागे लपायला माझ्याकडे काहीही उरलं नव्हतं, कीबोर्ड नाही, नांदेडची गाडी नाही, कुणाची झोप नाही. मामी माझ्याकडे बघत होती. मामांचं तोंड माझ्या दिशेने, जरासं वर, उत्तराची वाट बघत. मला वाटलं, लिहून दाखवता आलं असतं तर. पण या घरातल्या ज्या एका माणसाला हे सांगायचं होतं, त्याला लिहून दाखवता येत नव्हतं. मी मोबाइल उपडा करून मांडीवर ठेवला. आवाज निघाला तो आधी फार बारीक निघाला, म्हणून मी पुन्हा पहिल्यापासून, मोठ्याने म्हणाले,

“मामा, तुम्ही काहीच विसरला नाहीत. यादीचा क्रम मी बदलला होता, मला बघायला नीट वाटावी म्हणून. तुमचा क्रम बरोबर होता. काल दुपारी तुम्ही झोपल्यावर मी तो परत लावला, आणि तुम्हाला सांगितलं नाही.”